आरसी कपाटात, गाडी पोत्यात

अर्धवट राहिलेल्या किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडायची गाडी), बग्गी आणि हाताने बांधलेल्या रोडस्टर म्हणजे उघड्या टू-सीटरबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. गाडीच्या कामाआधी कागदाचा विचार करावा लागतो, म्हणून उत्तरांचा क्रमही तसाच आहे.

प्रश्न : कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर अर्धी जोडलेली टू-सीटर रोडस्टर विकायला आहे. पाइपची चेसिस, फायबरची बॉडी, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या कॉन्टेसाचा. वायरिंग झालेलं नाही. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नाही. विकणारा म्हणतो, ‘तुम्ही गाडी पुरी करा, पेपर मी करून देतो.’ घ्यावी का?
— वाचक, दादर

रस्त्यावर चालवायची असेल तर घेऊ नका.

नवी गाडी नोंदवायला आरटीओत फॉर्म २० भरावा लागतो. त्याला फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला जोडावा लागतो. फॉर्म २२ उत्पादक देतो, आणि तोही त्या मॉडेलचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पास झालेला असेल तरच. ही चाचणी पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा ठरावीक संस्थांतच होते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सीटबेल्टचे अँकर असं सगळं त्यात तपासलं जातं. ही वाट कारखान्यांसाठी आहे. घरी बांधलेल्या एका गाडीसाठी ती कोणालाच परवडत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्याने नोंदायची गाडी बीएस-६ या धुराच्या मानकात बसावी लागते. कॉन्टेसाचं इंजिन त्यात बसवणं अशक्य.

लोटस सेव्हन या ब्रिटिश टू-सीटरच्या धर्तीवरच्या रोडस्टर आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने केल्या. त्यांत कॉन्टेसाचंच इसुझु १.८ लिटर इंजिन असे. तशा घडणीची, नंबरप्लेट लावलेली गाडी मरीन ड्राइव्हवर दिसली की वाटतं, तिची नोंद झाली तर हिची का नाही? पण नोंद गाडीगणिक होते. जिला त्या वेळी नंबर मिळाला ती नंबराची गाडी. जिला मिळाला नाही, ती आज कायद्याच्या दृष्टीने सुट्या भागांचा ढीग आहे.

आता ‘पेपर करून देतो’ याचा अर्थ पाहू. बहुतेक वेळा भंगारात गेलेल्या एखाद्या गाडीचं आरसी आणलं जातं. तिच्या चेसिसचा नंबर असलेला तुकडा कापून नव्या पाइपवर वेल्ड करतात, किंवा नंबर सरळ ठोकून घेतात. हा फौजदारी गुन्हा आहे आणि पकडले जाता ते तुम्ही, कारण गाडी तुमच्या दारात उभी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी निकालात निघाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. रद्द झालेलं आरसी पुन्हा जिवंत होत नाही.

नंबर ठोकलेली जागा नीट पाहा. कारखान्याचे आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे असतात. त्यांच्याभोवती वेल्डची कड, ग्राइंडरचे आडवे ओरखडे किंवा नुसत्या त्याच चौकोनावर ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. बोटाने चाचपलं तरी पुष्कळदा कळतं: मूळ पत्रा सपाट लागतो, भरलेला मध्येच फुगीर.

एवढं सांगूनही रेस ट्रॅकसाठी घ्यायचीच असेल, तर ‘गाडी’ म्हणून नको, ‘सुटे भाग’ म्हणून घ्या. पावतीवर इंजिन नंबर, गिअरबॉक्स, चेसिस, बॉडी वेगवेगळी लिहून घ्या. ज्या कॉन्टेसातून इंजिन काढलं तिचा नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. भाव भागांचाच द्या. विकणाऱ्याने आजवर किती खर्च केला, हा तुमचा प्रश्न नाही.

प्रश्न : फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधलेली फायबरची बीच बग्गी मिळते आहे. आरसी मूळ १९६८ च्या बीटलचं, नंबर जुना मुंबईचा. गाडी ५० वर्षांवरची असल्याने व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, असं मालक सांगतो.
— वाचक, मुलुंड

येणार नाही. जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांची अट आहेच. पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही अटही आहे. बग्गी म्हणजे नेमका मोठा फेरफार. अस्सल बीटल असेल तर मार्ग चांगला आहे: नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरण ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला मात्र ती चालवता येत नाही.

व्हिंटेज सोडून साध्या नोंदणीवर बग्गी चालवता येईल का? कलम ५२ सांगतं, आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली असा प्रत्येक बदल ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ओढवू शकतो.

हा बदल निरीक्षकाला कळण्यासाठी गाडीची माहिती असण्याचीही गरज नाही. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिलिमीटर. बग्गी बांधताना बहुतेक वेळा तळाचा पॅन साधारण १४ इंच कापून आखूड करतात. आरसीवर व्हीलबेसचा रकाना असतो आणि टेप निरीक्षकाच्या खिशात असतो. म्हणून तुम्हीच आधी मोजा, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर, जनरेटरच्या स्टँडखाली.

पॅन २४०० चाच असेल आणि नंबर जुळत असतील तर एक शहाणपणाचा सौदा शक्य आहे: बग्गी बीटलच्या पॅनच्या भावात घ्यायची आणि तिच्यावर पुन्हा बीटलची बॉडी चढवायची. पॅन आखूड केलेला असेल तर त्याला जोड देऊन लांबवण्याच्या फंदात पडू नका. तो जोड सीटच्या खालीच येतो.

जुन्या नंबराच्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. ही नोंद सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नसेल तर ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करून, म्हणजे जुनी नोंद प्रणालीत चढवून, घ्यावी लागते. ते काम विकणाऱ्याकडून करून घ्या, तेही पैसे देण्याआधी.

प्रश्न : माझ्याकडे आलेलं प्रकरण उलटं आहे. रोडस्टर १९९९ ची, अंधेरीत रीतसर नोंदलेली, एमएच-०२ नंबर. कार्ब्युरेटरचं पेट्रोल इंजिन. मालकाने रंगकामासाठी सगळी उघडली आणि तशीच सोडली. आरसी कपाटात आहे, गाडी गोण्यांत. नोंदणीची मुदत २०१९ ला संपली. काय पाहून घ्यावी आणि कोणत्या क्रमाने पुरी करावी?
— वाचक, गोरेगाव

घेण्यासारखी अर्धवट गाडी असते ती हीच. आता कागद आणि काम, दोन्ही सविस्तर.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणीविना चालवणं. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५, सोबत विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे. उशिराचा दंड आणि कर वेगळे.

घोडं पेंड खातं ते नावावर. नूतनीकरण झाल्याशिवाय हस्तांतर पुढे जात नाही, आणि गाडी जोडल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत तुम्ही वर्षभर पैसे घालणार. मध्येच मालक परदेशी गेला, वारला किंवा त्याचं मन फिरलं, तर सगळंच भिजत पडतं. म्हणून साधा नोटरी करार करा. चेसिस-इंजिन नंबर, ठरलेली किंमत, आज दिलेली रक्कम, आणि आरसी नावावर झाल्यावर द्यायची उरलेली रक्कम त्यात लिहा. ही उरलेली रक्कम निम्म्याहून कमी ठेवू नका. हस्तांतराच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० सही करून घ्या. नुसत्या सह्यांवर विसंबू नका, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो. ‘वाहन’मध्ये त्याचा जुना, बंद पडलेला नंबर असेल तर तो आधी बदलून घ्या. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. ई-चलानं बघा, आणि चोरीच्या नोंदीसाठी एनसीआरबी या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर नंबर टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. तिच्या बुकिंगला चेसिस आणि इंजिन नंबर ‘वाहन’शी जुळावे लागतात. एखादा आकडा चुकीचा चढला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

विकणाऱ्याला घाई करायची असेल तर त्याला एक गोष्ट सांगा: आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाई त्याच्याच गळ्यात पडते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. हस्तांतराची त्यालाही तेवढीच गरज आहे.

आता गोण्या. सगळे भाग जमिनीवर मांडा आणि काय नाही ते लिहा. फायबरचे पॅनेल, इंजिन, गिअरबॉक्स लोक जपून ठेवतात. हरवतात ते कंस, बुशिंग, दाराच्या बिजागऱ्या, विंडस्क्रीनची फ्रेम. ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या बाजारात बेअरिंग, होज, दिवे, ब्रेकचे भाग मिळतात. एकाच गाडीसाठी बनवलेली विंडस्क्रीन फ्रेम मिळत नाही. ती नसेल तर भाव चांगलाच पाडा. पुढची काच लॅमिनेटेडच लागते, कापून-घासून बसवायला खास कारागीर लागतो.

चेसिस आधी. पुढच्या सस्पेन्शनच्या डाव्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण मोजा. फरक पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर चेसिस कधीतरी वाकलेली आहे. खालचे पाइप छोट्या हातोडीने ठोकत चला: चांगला पाइप खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मुंबईच्या हवेत पाइप आतून गंजतो, कारण दमट हवा आत जाते, रात्री पाणी होतं आणि खालच्या टोकाला साचतं. १.६ मिलिमीटरचा पाइप १.२ च्या खाली गेला असेल तर तेवढा भाग बदला. वरून पट्टी ठोकू नका. सस्पेन्शनचे कंस आणि स्टिअरिंग रॅकची बैठक डाय पेनिट्रंटने तपासा. रंग खरवडून धातू उघडा करायचा, लाल द्रव १५ मिनिटं ठेवायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर केसाएवढी लाल रेघ उमटते.

ब्रेकचं सगळं रबर नवं. जुनी सील चांगली दिसली तरी नको. सील पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची गॅरेजवाल्यांची सवय मोडून काढा. त्याने रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. लोखंडी नळ्या ४.७५ मिलिमीटरच्या, टोकं डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेली). ब्रेक ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलं डॉट ४. हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात.

पेट्रोलच्या जुन्या होज आता चालत नाहीत. पंपावर ई-२० मिळतं आणि इथेनॉल जुन्या रबराला आतून मऊ करतं. त्याचा काळा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातो आणि गाडी सिग्नलला बंद पडू लागते. इथेनॉलला टिकणारी होज घ्या. पेट्रोलची गळती होण्याच्या धोक्यापुढे तिची किंमत काहीच नाही.

वायरिंगची सर्वांत ठरलेली चूक फायबर बॉडीमुळे होते. पत्र्याच्या गाडीत दिव्याचं अर्थिंग बॉडीतूनच होतं. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, वायपरला अर्थची वेगळी तार चेसिसपर्यंत न्यावी लागते. इंडिकेटर लावला की टेल लॅम्प मिणमिणतो, ते अर्थ चुकल्यामुळे. इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये अर्थसाठी निदान २५ चौरस मिलिमीटरची वेणी (विणलेली जाड तार) हवी. ती राहून गेली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल लाल होते आणि आवरण वितळून ती अडकते. हेडलाइटला २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि रिले. दोन ६० वॉटचे दिवे १० अँपिअर ओढतात, तो भार स्विचवर टाकू नका.

इंजिन सुरू करण्याची घाई नको. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच ते दहा मिलिलिटर तेल, एक दिवस तसंच. मग पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, पिस्टन रिंग मोडतात. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर बेल्ट आधी बदला. प्लग काढलेले असतानाच स्टार्टरने फिरवून तेलाचा दाब येऊ द्या, नंतर प्लग लावा. पेट्रोल ताजं, वेगळ्या कॅनमधून. जुन्या टाकीतलं अजिबात नको. पहिल्याच दिवशी क्लच सुटत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असण्याची शक्यता मोठी. दमट गोदामात पडलेल्या गाड्यांत हे नेहमी होतं.

रोडस्टरचं नाक बुटकं, रेडिएटर आडवा-तिरका आणि वरची पाण्याची नळी कॅपपेक्षा उंच. तिथे हवा अडकते आणि काटा नॉर्मल दाखवत असताना इंजिनचं डोकं तापतं. पाणी भरताना गाडीचं तोंड जॅकवर उचला, किंवा सर्वांत उंच जागी वेगळी टाकी बसवा. पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी टिकवायची असेल तर फॅनला थर्मोस्विच लावा आणि शिवाय हाताने चालू करायचं बटणही ठेवा.

तपासणीला नेण्याआधी: हॉर्न, वायपर, दोन्ही आरसे, इंडिकेटर, हॅझार्ड, रिव्हर्स लाइट, मागचे रिफ्लेक्टर, सीटबेल्ट, हँडब्रेक, स्पीडोमीटर. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर, तशी ती तुमच्या टायरची असेलही, पण बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ‘१४११’ म्हणजे २०११ चा चौदावा आठवडा. असा टायर न वापरताही कडक झालेला असतो. पीयूसीला बीएस-२ पूर्वीच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. व्हॅक्यूम गळत नसेल तर आयडल मिक्स्चरच्या स्क्रूवर ती सहज साधते. विमा आधी काढा आणि गाडी फ्लॅटबेडवरून न्या. मुदत संपलेल्या नंबरावर अंधेरी आरटीओपर्यंत स्वतः चालवत जाऊ नका, मग अंतर किती का कमी असेना.

प्रश्न : अशा रीतसर नोंदलेल्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक फुटलेला असेल तर दुसरं इंजिन बसवता येतं का?
— वाचक, ठाणे

त्याच मेकचं, त्याच प्रकारचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन येतं. परवानगी आधी, इंजिन नंतर. दुसऱ्या इंजिनाचं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद लागतात. बदल झाल्यावर नवा नंबर आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी इंजिन नंबर जुळत नाही. जास्त ताकदीचं वेगळं इंजिन टाकण्याचा बेत असेल तर उत्तर नाही असंच आहे.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तिथे अर्धवट किट स्वस्तात मिळतात. तिकडे आयव्हीए चाचणी पास करून गाडी मुंबईत आणली तर?
— वाचक, विलेपार्ले

आयव्हीए हे ब्रिटनमध्ये एकेका गाडीला दिलं जाणारं प्रमाणपत्र आहे. त्याने तिथली नोंदणी होते; आपल्या नियम १२६ ची पूर्तता होत नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती मुंबई बंदरातूनच उतरायला हवी. ‘गाडी नाही, सुटे भाग आहेत’ ही युक्तीही कस्टम्समध्ये टिकत नाही. वर्गीकरणाच्या नियम २(अ) प्रमाणे अपुऱ्या किंवा न जोडलेल्या वस्तूला पुऱ्या वस्तूचं मूळ रूप असेल तर ती पुरी वस्तूच धरतात. चेसिस, बॉडी आणि इंजिन एकाच खोक्यात आलं की ती मोटार झाली, आणि ड्यूटीही मोटारीची. मुलाला हौस असेल तर गाडी तिकडेच बांधून तिकडेच चालवू द्या.

प्रश्न : नोंदणी नसलेली गाडी सोसायटीच्या आवारात तरी फिरवता येईल का?
— वाचक, बोरिवली

नाही. लोकांची ये-जा असलेलं आवार सार्वजनिक ठिकाणात मोडतं. अपघात झाला तर विमा नाही आणि बचावाला जागाही नाही. ट्रॅकवर न्यायची असेल तर कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई हे नेहमीचे पर्याय आहेत. स्पर्धेसाठी एफएमएससीआय या मोटर स्पर्धांच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं. ट्रॅकच्या तांत्रिक तपासणीत रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा), अग्निशामक आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरी कट-ऑफ पाहतात, म्हणून रोल केजचे पाइप चेसिसला कुठे टेकणार ते बॉडी चढवण्याआधीच ठरवून घ्या.